रागात सुरी धरायची नाही

चांदपाशा मुलाणी हा एका भित्र्या शिपायाचा बाप होता, असे मागच्या महिन्यात एका लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारच्या शिकल्यासवरल्या गृहस्थाने हसत हसत सांगितले. चांदपाशाला जाऊन बावीस वर्षे झाली. सांगणाऱ्याचा जन्म त्या प्रकरणानंतरचा. तरी गोष्ट त्याला पाठ होती, आणि सगळीच्या सगळी चुकीची. मी ताटावरून उठले. माझ्याजवळ १९६७ सालची वही आहे. कोणत्या तारखेला कोण काय बोलले ते तिच्यात लिहिलेले आहे, म्हणून आता हे लिहिते आहे.

चांदपाशाचे गाव पैठण रस्त्याने चितेगावच्या पुढे आत वळल्यावर लागते. नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांची नातवंडे आता शहरात नोकऱ्या करतात, त्यांचा काही दोष नाही. गावात मुलाण्याचे एकच घर. बोकड नवसाचा असो की लग्नाचा, त्याच्या मानेवर सुरी फिरवायची ती मुलाण्याने, अल्लाचे नाव घेऊन. त्याशिवाय हिंदूंच्या घरातसुद्धा ते मटण चुलीवर चढायचे नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचा हा रिवाज. त्याबद्दल मुलाण्याला बोकडाचा वाटा मिळायचा आणि सुगीत धान्य मिळायचे. कायद्याने वतने गेली, पण हे कोणी मोडले नव्हते.

माझे यजमान जनावरांचे सरकारी डॉक्टर. आम्ही शहरात, औरंगपुऱ्यात राहत होतो. चांदपाशा आठवड्यातून दोन दिवस शहरातल्या कत्तलखान्यात कामाला यायचा आणि यजमान तिथे मांस तपासायला जायचे. तिथली ओळख. हे घरी येऊन म्हणायचे, "बाकीच्यांच्या हातात जनावर ओरडतं. याच्या हातात ते उभं राहतं."

चांदपाशाला उर्दू वाचता येई, मराठी अडखळत, इंग्रजी मुळीच नाही. सरकारी कागद आला की तो आमच्याकडे घेऊन यायचा. मी कॉन्व्हेंटात शिकलेली, त्यामुळे ते काम माझे. आमच्या घरात मांस शिजत नसे हे त्याला ठाऊक होते. यायच्या आधी नळावर कोपरापर्यंत हात धुऊन यायचा आणि तरी ओट्यावरच बसायचा.

एकदा मी त्याला विचारले, "चांदपाशा, इतकी जनावरं कापता, तुम्हाला काही वाटत नाही?"

"वाटतं ना बाईसाब. वाटायचं थांबलं की सुरी ठिवून द्यायची."

मग त्याने सांगितले. सुरी जनावरासमोर पाजवायची नाही. आधी त्याला पाणी पाजायचे. एकाच्या देखत दुसरे कापायचे नाही. आणि मनात राग असेल त्या दिवशी सुरीला हात लावायचा नाही, मग दारात कोणीही उभा असो. "भूक हाय म्हनून कापायचं. रागात कापलं तर ते कापणं नाय, तो खून झाला. बोकडाचा झाला तरी खूनच."

हे त्याला बापाने शिकवले होते. तो बाप मी पाहिलेला. उजवा हात खांद्यापासून लोंबत असे. १९४८ सालच्या पोलीस ॲक्शननंतरच्या पंधरवड्यात बाहेरून आलेल्या टोळीने गावातली मुसलमानांची चार घरे लुटली, त्यात त्याच्यावर कुऱ्हाड पडली. सुरी आढ्याला टांगलेली होती, हात वर केला असता तर मिळाली असती. त्याने ती काढली नाही. का काढली नाही म्हणून लोक विचारायचे, तर म्हणायचा, "कशी काढणार? मला तवा लई राग आला होता." लोक हसायचे. म्हातारा स्वतःही हसायचा. मला मात्र ते ऐकून कधी हसू आले नाही.

चांदपाशाला एकच मुलगा, कमरोद्दीन. सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकला. सोळाव्या वर्षी बापाच्या हाताखाली सुरी धरली. उंच, रुंद, मितभाषी. १९६६ च्या दिवाळीनंतर छावणीत फौजेची भरती होती. गावचे मोठे जमीनदार तात्यासाहेब, ज्यांच्या शब्दाबाहेर गावात पान हलत नसे, त्यांनी स्वतः त्याला बैलगाडीतून नेले. "मुलाण्याचं पोर हाय, रक्ताला भ्यायचं नाय," असे त्यांनी भरतीच्या साहेबाला सांगितले. साहेब खूष झाले. ज्याचा हात सुरीवर बसला आहे त्याला संगीन शिकवावीच लागणार नाही, असेच सगळ्यांनी धरले. चूक झाली ती इथे. सुरी त्याच्या हातात होती एवढेच त्यांनी पाहिले. ती धरायचे नियम काय आहेत ते गावाने तीन पिढ्या त्याच हातचे खाऊनही कधी विचारले नव्हते.

गावाने हार घातले. चांदपाशाने शहरात आम्हाला पेढे आणून दिले.

१४ फेब्रुवारी १९६७. चांदपाशा दोन पत्रे घेऊन आला. बरोबर बायको जैतुनबी. ती कधी शहरात येत नसे, म्हणजे काहीतरी बिघडले आहे हे दारातच कळले. एक पत्र कमरोद्दीनचे, मराठीत. दुसरे दूर दक्षिणेतल्या त्याच्या प्रशिक्षण केंद्राचे, इंग्रजीत.

मुलाचे पत्र मी मोठ्याने वाचले. संगिनीचा सराव चालू झाला होता. लाकडी चौकटीला गवत भरलेले पोते टांगतात, त्याच्यावर ओरडत धावून जायचे आणि भोसकायचे. शिकवणारा उस्ताद ओरडे, "गुस्सा लाओ! आँख में गुस्सा लाओ!" कमरोद्दीन दोन दिवस धावला. तिसऱ्या दिवशी त्याने रायफल जमिनीवर नीट आडवी ठेवली आणि म्हणाला, मी स्वयंपाक करीन, खंदक खोदीन, गोळ्या चालू असताना जखमी माणूस पाठीवर आणीन, पण मनात राग आणून कोणाला भोसकणार नाही. उस्ताद म्हणाला, मग राग न आणता भोसक. कमरोद्दीन म्हणाला, "राग नसेल तर माणसाला मारायचं कशाला? त्याला कोणी खाणार आहे का?"

पुढे त्याने लिहिले होते: "सगळे हसले. उस्ताद हसले नाहीत. मला अठ्ठावीस दिवस कोठडी दिली आहे. जेवण बरे आहे. अम्मीला सांगू नका."

अम्मी समोरच बसली होती.

केंद्राच्या पत्रात असे होते की रिक्रूट हट्टाने हुकूम मोडतो आहे, वडिलांनी येऊन त्याची समजूत घालावी, नाही तर त्याच्यावर फौजी खटला चालेल, कैद होईल आणि नावाला कायमचा बट्टा लागेल.

जैतुनबी नवऱ्याकडे वळली. "पोतंच हाय ना ते? पोत्याला कुटं मान असती? भोसक म्हनावं अन् घरला ये."

चांदपाशा पत्रांच्या घड्या घालत होता. मी म्हणाले, "जैतुनबीचं बरोबर आहे. एवढ्यातेवढ्यासाठी मुलाचं आयुष्य घालवू नका." यजमानांनीही तेच सांगितले. वहीत लिहिले आहे, तेव्हा नाकारत नाही. आम्हा शिकलेल्यांना तो हट्टच वाटला. गांधीजींच्या फोटोला दरवर्षी हार घालणारे घर आमचे.

"इचार करतो," एवढे म्हणून चांदपाशा उठला.

पुढच्या आठवड्यात गावात बोभाटा झाला. केंद्राने मुलाची चौकशी करायला तात्यासाहेबांनाही पत्र धाडले होते, कारण दाखला त्यांनीच दिलेला. त्यांची नाचक्की झाली असे त्यांना वाटले, आणि ती त्यांनी चांदपाशाच्या अंगावर काढायची ठरवली.

५ मार्च, रविवार. तात्यासाहेबांच्या घरची कंदुरी होती. नातू टायफॉइडमधून वाचला म्हणून गावाबाहेरच्या दर्ग्याला बोललेला नवस. तीन बोकड आणि तीनशे माणसांचे जेवण. तात्यासाहेबांचे बैल यजमानांनी बरे केले होते, म्हणून आम्हालाही बोलावणे. आमच्यासाठी निराळे पिठले केले होते. मी लिंबाखाली बायकांत बसले होते, वीस पावलांवर. जे ऐकले ते माझ्या कानांनी ऐकले.

चांदपाशा पहिल्या बोकडाला पाणी पाजत होता. तात्यासाहेब बाजेवर बसले होते.

"काय रं चांद्या, पोरगं लढाईला धाडलं होतं का सासुरवाडीला? म्हनं संगीन बघून धोतर भिजलं!"

लोक हसले. चांदपाशाने बादली सरळ केली.

"बाप हजार बोकडं कापतो अन् लेक गवताच्या पोत्याला भितंय!"

"भित नाय तात्यासाहेब." हा पुंजाराम, तात्यासाहेबांचा सालदार. मालक हसला की आधी हसणारा. "पोत्यावर पाकिस्तान लिव्हलं असंल. मग हात कसा उचलंल त्याचा?"

या वेळी हशा मोठा झाला. मला आज चौऱ्याऐंशी वर्षे पूर्ण झाली आहेत, पण तो हशा आठवला की अजून कानशिले तापतात. त्या पोत्यावर कोणताही देश लिहिलेला नव्हता. समोर कोण आहे हे त्या पोराने विचारलेसुद्धा नव्हते. जे नाव त्याच्या डोक्यात नव्हते ते यांच्या डोक्यात होते, आणि ज्यांच्या नवसाला त्याच्या बापाचा हात लागत होता तेच हे बोलत होते.

चांदपाशाने सुरी धोतराच्या सोग्याला पुसली, फडक्यात गुंडाळली आणि कमरेला खोचली.

"आज नाय व्हणार तात्यासाहेब."

"काय नाय व्हणार?"

"कापणं. मला राग आलाय."

"आरं, मस्करी केली पोरांनी."

"मस्करी आसंल. पर राग खरा हाय."

तात्यासाहेब बाजेवरून उठले. "तीनशे पानं बसायचीत! लोकांनी काय खावं? तुझा राग?"

"बाईसाबासाठी पिठलं केलंय ना," चांदपाशा म्हणाला, "त्यात पाणी वाढवा."

एक म्हातारी फसकन हसली आणि तिने तोंडावर पदर ओढला. चांदपाशाने बोकडाची दोरी सोडून पुंजारामाच्या हातात दिली आणि तो चालू लागला. त्याची मान ताठ होती.

बिडकीनहून दुसरा मुलाणी आणेपर्यंत दुपारचे चार वाजले. त्याच संध्याकाळी तात्यासाहेबांनी चावडीवर ठरवून टाकले की इथून पुढे गावाचे काम बिडकीनच्या माणसाकडे. धान्य बंद, वाटा बंद. कोणी एका शब्दाने विरोध केला नाही. ज्यांच्या घरी बारशापासून तेराव्यानंतरच्या जेवणापर्यंत चांदपाशा गेला होता, त्यांच्यातल्याही कोणी नाही.

दोन दिवसांनी तो माझ्याकडे आला. केंद्राला निघायचे होते. बरोबर न्यायला बापाचा जबाब इंग्रजीत लिहून हवा होता. मी चांगला कागद काढला आणि माझ्या सगळ्या कॉन्व्हेंटी विनयाने लिहिले, की मुलगा अजाण आहे, अडाणी घरातला आहे, मोठ्या मनाने त्याला क्षमा करावी. मराठीत वाचून दाखवले.

"अजान म्हंजे येडा?"

"तसं नाही. लहान आहे असं."

"लहान नाय तो. काढा ते. अन् ते माफीचं बी काढा."

मी चिडले. "माफी मागितल्याने तुमचं काय जातं? पोरगा सुटतो ना?"

"बाईसाब, माझ्या बापाचा हात गेला. त्यानं कुणाची माफी मागितली नाय, का सुरी उचलली नाय म्हनून. त्याच्या नातवानं तेच केलंय, अन् म्या त्याला माफी मागाय लावू? मंग त्या हाताचं काय?"

कागद मी फाडला. दुसऱ्यावर त्याने सांगितले तसेच लिहिले. चार ओळी झाल्या: मी कमरोद्दीनचा बाप. सुरी मी त्याला शिकवली, आणि ती रागात धरायची नाही हेही मीच शिकवले. त्यात चूक असेल तर शिकवणाऱ्याची. त्याला दुसरे कोणतेही काम द्यावे, तो मरेपर्यंत करील. खाली उर्दूत सही.

त्याच्या जाण्यायेण्यात सहा दिवस गेले. परत आल्यावर त्याने ओट्यावर बसून सांगितले आणि मी लगेच लिहून घेतले.

तिथला मेजर माणूस वाईट नव्हता. बापाला खुर्ची दिली, चहा दिला. म्हणाला, मुलगा मला आवडतो, त्याला जेलात घालायची मला हौस नाही. त्याने तोड काढली. मुलाने सगळ्या कंपनीसमोर पोत्यावर तीनदा संगीन चालवावी. फक्त तीनदा. हुकूम पाळला गेला असे होईल. त्यानंतर तो त्याला लंगरखान्यात स्वयंपाकाला धाडील, पुन्हा रायफल हातात देणार नाही.

"मंग?" मी विचारले. त्याच्या बोलीतच विचारले.

"मंग पोराला आनलं. वाळला होता. मला जैतुनचं बोलणं आठवलं. पोत्याला मान नसती. माझ्या तोंडात आलं होतं बाईसाब, खोटं कशाला बोलू. तीनदा तर हाय. म्या त्याला ईचारलं, कमरू, काय करायचं? तो म्हनला, अब्बा, तुमी म्हनला तर करतो."

चांदपाशा नळावर जाऊन पाणी पिऊन आला.

"त्यानं माझ्यावर टाकलं. तवा कळलं, हे तीनदा भोसकणं त्याचं नाय, माझं व्हनार. पोत्यावर म्या हात चालवल्यागत व्हनार. म्या म्हनलो, नको करू."

मेजर तेव्हा चिडला. म्हणाला, तुम्ही आयुष्यात किती जनावरं मारलीत? हजारो. आणि मला शिकवता?

"म्या म्हनलो, व्हय साहेब, हजारो. म्हनून तर मला म्हाईत हाय."

कमरोद्दीनला सहा महिने सक्तमजुरी झाली आणि फौजेतून बडतर्फी. जैतुनबी नवऱ्याशी दोन महिने बोलली नाही. तिचा राग मला समजतो. पोटचे पोर खडी फोडत होते आणि नवरा म्हणत होता की बरे केले. पण जेवण तिने एक दिवसही बंद केले नाही, आणि गावातल्या बायका कीव करत पोराला नावे ठेवायला आल्या तेव्हा, "तुमच्या नवऱ्यांना सांगा, आधी बोकड कापून दाखवा, मंग माझ्या पोराला नावं ठिवा," असे सांगून त्यांना दारातून परत पाठवले.

ते सहा महिने चांदपाशा रोज शहरात आला, पाच-सहा कोस सायकलवर. गावाचे काम गेले होते. कित्येक दिवस तो आल्या पावली परत जायचा, कारण सुरी हातात घेण्याआधी तो स्वतःकडे पाहायचा आणि राग उतरलेला नसायचा. यजमानांनी त्याला सांगून पाहिले, की पोट भरायचे आहे, इतके काटेकोर राहू नका. त्याने मान हलवली आणि सायकल वळवली. ज्यांच्यामुळे त्याला राग होता ते रोज तीन वेळा जेवत होते.

कमरोद्दीन २१ ऑक्टोबरला सुटून आला. मी आणि यजमान खात्याची जीप घेऊन चांदपाशाबरोबर स्टेशनवर गेलो. पोरगा डब्यातून उतरला, बापाच्या पायाला हात लावला. बापाने त्याच्या तळव्यांवरचे घट्टे बघितले आणि हात तसाच धरून ठेवला.

गावाच्या अलीकडे ओढ्याकडून एक वाट आहे. ती मागून थेट मुलाण्याच्या दारात जाते. भर दुपार होती, पारावर माणसे असणार, म्हणून यजमानांनी जीप त्या वाटेला घेतली.

"नाय डॉक्टरसाब," चांदपाशा म्हणाला. "येशीत थांबवा."

दोघे वेशीत उतरले. मी यजमानांकडे पाहिले आणि मीही उतरले. हे जीपमध्येच बसून राहिले, सरकारी नोकर. चांदपाशा मुलाचा हात धरून पुढे, मी चार पावले मागे. चांदपाशा भराभर चालला नाही. प्रत्येक घरापुढे थांबला आणि प्रत्येकाला नावाने हाक मारून म्हणाला, "रामराम. कमरू आलाय." कोणी बैलाला चारा टाकायला वळले, कोणी नुसतेच बघत राहिले. एका बाईने "आला का बाबा" म्हटले तर नवऱ्याने तिला आत बोलावले. आडनावे मला ठाऊक आहेत. लिहीत नाही, पण विसरलेलेही नाही.

पारावर तात्यासाहेब बसले होते. पुंजाराम पायाशी.

"रामराम तात्यासाहेब. कमरू आलाय."

तात्यासाहेबांनी दुसरीकडे पाहिले आणि पान लावायला घेतले. चांदपाशा तिथेच उभा राहिला. पुंजाराम म्हणाला, "चला आता, झालं ना." चांदपाशाने त्याच्याकडे पाहिलेही नाही. तात्यासाहेबांनी पान लावले, सुपारी कातरली, तोंडात घातली, चावली. चांदपाशा उभाच. ऊन डोक्यावर होते. माझे पाय पोळत होते आणि मला त्या म्हाताऱ्याच्या हातातला अडकित्ता हिसकावून घ्यावासा वाटत होता.

"ऐकलं," तात्यासाहेब शेवटी म्हणाले. "जा घरी."

"रामराम म्हनलो तात्यासाहेब."

पारावरचे सगळे बघत होते. तात्यासाहेब पिंक टाकायला वाकले, परत सरळ झाले. चांदपाशाने मुलाचा हात सोडला नव्हता.

"रामराम," तात्यासाहेब म्हणाले.

मग ते दोघे आपल्या घराच्या बोळात वळले.